वाऱ्यानं हलवलेला ओझोन



30 नोव्हेंबर 1999 रोजी वायव्य युरोपवर ओझोन एकाएकी विरळ झाला. तिथं एरवी साधारण 300 डॉबसन एकक ओझोन असतो, त्या दिवशी तो 200च्याही खाली गेला. डोक्यावरच्या सगळ्या हवेतला ओझोन वेगळा काढून समुद्रसपाटीच्या दाबाला, शून्य अंश तापमानात जमिनीवर पसरला, तर 300 एककांचा थर जेमतेम तीन मिलिमीटर भरतो. त्यातला एक मिलिमीटर कमी झाला होता! आणि थोड्याच दिवसांत तो भरूनही निघाला.

हा ओझोन नष्ट झालाच नव्हता. वाऱ्यानं तो हलवला होता.

ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉबसन यांनी 1920च्या दशकातच ताडलं होतं, की जास्त दाबाचं क्षेत्र आलं की डोक्यावरचा ओझोन घटतो आणि कमी दाबाचं आलं की वाढतो. ढग-पाऊस जिथं घडतो ते तपांबर जास्त दाबाच्या उबदार क्षेत्रात वर फुगतं. त्याच्या माथ्यावर टेकलेलं स्थितांबर उचललं जातं, तिथली ओझोनची हवा प्रसरण पावून आजूबाजूला पांगते. त्यातच दक्षिणेकडून, मुळातच ओझोन कमी असलेली हवा येऊन मिळते. जास्त दाबाचं क्षेत्र पुढं सरकलं की आकाश पूर्ववत.

अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र मात्र रसायनांनी पाडलेलं आहे. पण त्याचाही आकार वारा ठरवतो. सप्टेंबर 2019 मध्ये खालून चढलेल्या हवेच्या लाटांनी ध्रुवाभोवती फिरणारा थंड हवेचा भोवरा विस्कटला, स्थितांबर तापलं आणि छिद्र 1982 नंतरचं सर्वांत लहान राहिलं. जखम भरली, असं अनेकांना वाटलं. पुढच्याच वर्षी भोवरा घट्ट राहिला, आणि छिद्र पुन्हा पसरलं. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर हुरळून जाऊ नये, घाबरूही नये, असं मी कळकळीनं सांगेन. क्लोरीनयुक्त वायूंवरचं नियंत्रण फळतंय की नाही, हे दशकांच्या नोंदींतूनच कळतं.

ओझोन हलला की नष्ट झाला, हे ओळखायला फुग्यातून सोडलेलं ओझोनसाँड उपयोगी पडतं. भारताचं असं उपकरण 1960च्या दशकात हवामान खात्यात ॲना मणी यांच्या नेतृत्वाखाली तयार झालं. फुगा चढत जातो, उपकरण दर उंचीवरचा ओझोन कळवतं. अंटार्क्टिकाच्या वसंतात सुमारे 14 ते 20 किलोमीटरच्या पट्ट्यात आकडा जवळजवळ शून्यावर येतो. वाऱ्यानं विरळ केलेल्या ओझोनमध्ये तो घटतो, पण असा शून्याला भिडत नाही.