थांबलेले वर्ष



सुवर्णमहोत्सवाच्या या व्यासपीठावर बोलण्याचा मान मंडळाने आम्हांस दिला, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. विषय मात्र घरातलाच घेतो.

आमची पुतणी अमेरिकेत वैद्यकाचे शिक्षण घेते. तेथील अभ्यासक्रम चार वर्षांचा. तिसरे वर्ष संपताच तिने कळविले, "काका, मी वर्षभर थांबून संशोधन करणार, रेसिडेन्सीचा अर्ज पुढील वर्षी." पाठोपाठ आमच्या बंधूंचा दूरध्वनी आला. "मुलगी नापास झाली, असेच लोक समजतील!" आम्हीही त्यांचीच री ओढली आणि तिला कठोर शब्दांत पत्र लिहिले.

तिचे उत्तर शांत होते. जानेवारी २०२२ पासून तेथील परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण कळविणे बंद झाले. उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, एवढेच कळते. साहजिकच चर्मरोग, मेंदूची शस्त्रक्रिया अशा चुरशीच्या शाखांत उमेदवाराच्या इतर कामास महत्त्व येते. संशोधन हे त्यांपैकीच. शेवटी तिने लिहिले होते, "केवळ अर्जासाठी मी थांबत नाही, काका. एका प्रश्नापाशी मला वर्षभर बसायचे आहे."

हे वाचून आम्हांस जे मॅक्लीन आठवला. १९१६ साली तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये वैद्यकाचा विद्यार्थी होता. प्राध्यापक हॉवेल यांनी त्याजकडे रक्त गोठविणाऱ्या द्रव्याचे काम सोपविले. यकृतातून त्याच्या हाती आले ते नेमके उलट, रक्त गोठू न देणारे द्रव्य! हेपॅरिनचा उगम तो. आज हृदयाच्या शस्त्रक्रियेत आणि डायलिसिसमध्ये त्याचा आधार घेतला जातो.

अर्थात, प्रत्येक वर्षातून हेपॅरिन निघत नाही. म्हणून पालकांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत. मार्गदर्शक कोण? वर्षाचा खर्च कोण सोसणार? काम वर्षभरात तडीस जाण्याजोगे आहे काय? आणि भारतातून गेलेला विद्यार्थी असल्यास व्हिसाचे काय? "लोक काय म्हणतील?" हा पाचवा प्रश्न मात्र विचारू नये. आम्ही तो विचारला, याची खंत वाटते.

पुतणीचा शोधनिबंध अद्याप प्रसिद्ध झालेला नाही. रेसिडेन्सीचा निकाल मार्चमध्ये लागतो. तिला हवी ती जागा मिळेलच, असेही नाही. तरीही आम्ही आमचे शब्द मागे घेतले आहेत. घरदार सोडून येथे आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनाही कोणीतरी "वर्षे फुकट घालविलीत" असे म्हटलेच असेल. त्यांनीच लावलेल्या रोपाची पन्नाशी आज आपण साजरी करीत आहोत.