नगरची पहिली मंडळी

मुंबईच्या उत्तरेस उत्तन, डोंगरी व भाईंदर या बाजूची ख्रिस्ती परंपरा पोर्तुगीज अमदानीपासूनची व कॅथॉलिक पंथाची आहे. प्रॉटेस्टंट पंथ मराठी मुलुखांत आला तो निराळ्या वाटेनें. १८१३ सालीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. १८३१ च्या अखेरीस त्यांच्या मिशनचें ठाणें अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, बसलें. आणि १८३३ सालीं तेथें पहिली मंडळी स्थापन झाली.

त्या काळीं बाप्तिस्मा घेणें म्हणजे घर, गोत आणि व्यवहार यांस मुकणें होतें. त्यामुळें मंडळीसच घर व्हावें लागलें. प्रभुभोजनास ब्राह्मण व महार एकत्र बसूं लागले, ही गोष्ट त्या शहरांत लहान नव्हती.

मंडळीच्या कार्यांत शाळेचें स्थान मोठें. सिंथिया फरार या बाईंनीं १८३९ पासून १८६२ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, नगरास मुलींच्या शिक्षणाचें काम केलें. जोतीराव फुले यांनीं ही शाळा स्वतः पाहिली होती. १८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढिली आणि नगरच्या शाळेचें ऋण पुढें उघडपणें मानलें. मिशनचें ‘ज्ञानोदय’ हें पत्रही १८४२ सालीं नगरासच निघालें.

परंतु पैसा परदेशचा, पाळक परदेशचे, रागही परदेशचे. मग मंडळी कोणाची? या प्रश्नाचें पहिलें उत्तर १८५४ सालीं मिळालें. हरिपंत रामचंद्र खिस्ती यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. दुसरें उत्तर नारायण वामन टिळक यांनीं दिलें. १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेऊन ते नगरास आले आणि त्यांनीं उपासनेंत अभंग, भजन व कीर्तन आणिलें. ज्ञानोबा-तुकोबांच्या वळणानें ख्रिस्ताचें नांव घेतां येतें, हें त्यांच्या पदांनीं सिद्ध झालें. तीं पदें मराठी मंडळ्यांत अद्याप गाइलीं जातात. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ मांडिला. त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही जागा होती.

तिसरें उत्तर १९४७ चें. याच समाजांतील डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं अहमदनगर कॉलेज स्थापिलें, आणि त्याचीं दारें सर्व जातिधर्मांच्या मुलांस उघडीं ठेविलीं. ज्या समाजास एके काळीं दुसऱ्यांनीं शाळा दिली, त्यानें आतां सर्वांसाठीं विद्यालय उभें केलें. मंडळी येथील मातींत रुजल्याची याहून उघड खूण कोणती?