हुकूम कुणाचा, भरपाई कुणाची



एप्रिल 2022 मधली गोष्ट. टेक्सास राज्यात ईगल पास गावाजवळ रिओ ग्रांदे नदीत काही माणसं बुडताना दिसली आणि काठावरच्या एका 22 वर्षांच्या जवानाने त्यांना वाचवायला उडी घेतली. अंगात तरंगण्याचं जाकीट नव्हतं. तीन दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. हा जवान अमेरिकेच्या नॅशनल गार्डमधला, आणि सीमेवर त्याला पाठवलं होतं टेक्सासच्या गव्हर्नरांनी. केंद्राच्या ड्युटीवर मृत्यू आला, तर घरच्यांना 1 लाख डॉलरचं तातडीचं अनुदान मिळतं. राज्याच्या ड्युटीवर ते लागू होत नाही. पुढे 2023 मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने त्या जवानाच्या नावाने कायदा केला आणि राज्याच्या कामावर मरण पावणाऱ्या सैनिकांच्या कुटुंबांना, पोलिसांच्या कुटुंबांना मिळते तशी ठोक रक्कम देऊ केली. हा नियम एका राज्यापुरता. अमेरिकेत राज्यं पन्नास आहेत.

हा नॅशनल गार्ड आपल्याकडच्या प्रादेशिक सेनेचा, म्हणजे टेरिटोरियल आर्मीचा, चुलत भाऊ म्हणता येईल. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून साधारण 15 दिवस प्रशिक्षण. एरवी कुणी शिक्षक, कुणी सुतार, कुणी बँकेत. पण आपली प्रादेशिक सेना केंद्राची आहे. गार्डला धनी दोन. परदेशात युद्ध असेल तर राष्ट्राध्यक्ष बोलावतात. पूर आला, वणवा पेटला, दंगल झाली तर गव्हर्नर. यातही एक मधला प्रकार आहे. हुकूम गव्हर्नरांचा, पगार मात्र केंद्राचा. कायद्याच्या त्या भागावरून त्याला ‘टायटल 32’ म्हणतात. आणि हुकूमही राज्याचा, पगारही राज्याचा असेल, तर ती ‘स्टेट ॲक्टिव्ह ड्युटी’.

गणवेश तिन्ही वेळी तोच. ट्रकही बहुधा तोच. पण त्या ट्रकवरून पडून कंबर मोडली, तर पगार केंद्राचा असलेल्या दोन प्रकारांत लष्कराचे उपचार, बुडालेल्या पगाराची भरपाई आणि पुढे माजी सैनिक म्हणून अपंगत्वाची पेन्शन, हे सगळे दरवाजे उघडतात. स्टेट ॲक्टिव्ह ड्युटीत ते बंद. मग बहुतेक राज्यांत जवानाला कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखाली अर्ज करावा लागतो. काही राज्यांनी आपल्या लष्करी कायद्यातच वेगळी सोय केली आहे.

कामगार नुकसानभरपाई आपल्याला नवी नाही. आपल्याकडे हा कायदा 1923 मध्ये आला, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात 1911 मध्ये. दोन्हीकडे मूळ व्यवहार सारखा: चूक कुणाची हे न विचारता मालकाने ठरलेली रक्कम द्यायची. गिरणीतल्या, खाणीतल्या मजुरासाठी हा मोठाच आधार होता. सैनिकाच्या अंगाला मात्र तो कायदा नीट बसत नाही. साधारण नियम असा की आठवड्याच्या मजुरीच्या दोन-तृतीयांश रक्कम द्यायची, तीही राज्याने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत. पण मजुरी कुठली धरायची? पुरात वाळूच्या गोण्या उचलल्या त्या आठवड्याची, की एरवीच्या नोकरीतली? हातात कुशल कामाची नोकरी असलेल्या माणसाला यातला फरक फार मोठा पडतो, कारण मोडलेली कंबर त्याला त्या नोकरीपासूनही दूर ठेवते.

मला खटकतं ते आणखी वेगळं. काम धोक्याचं वाटलं तर मजूर, निदान कागदावर तरी, नोकरी सोडून घरी जाऊ शकतो. गव्हर्नरांच्या बोलावण्यावर जवान हजर झाला नाही, तर त्याच्यावर राज्याच्या लष्करी कायद्याखाली कारवाई होते. शिस्त सैनिकाची आणि भरपाई मजुराची, असा हा सौदा आहे. ‘ज्याने बोलावलं त्याने खर्च करावा’ हे केंद्राचं म्हणणं हिशेबाला धरून आहे, मान्य. पण कोणत्या कलमाखाली जायचं हे जवानाला कुणी विचारत नाही.

दुखापतीचं तरी बरं. तिला तारीख असते, वेळ असते, पाहणारे असतात. आजाराचं काय? 11 सप्टेंबर 2001 नंतर न्यूयॉर्कमध्ये जुळ्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यावर जे गार्डचे जवान उभे राहिले, ते गव्हर्नरांच्या हुकमावर होते. सिमेंट, काच आणि ॲस्बेस्टॉसची धूळ त्यांनी श्वासातून घेतली. खोकला, दमा, कर्करोग हे पुढच्या वर्षांत दिसू लागलं. पण ती सेवा राज्याची, म्हणून माजी सैनिकांच्या खात्याकडे तिचा हिशेब नाही. आणि कामगार भरपाईत अर्जाच्या मुदती, शिवाय हा आजार त्याच कामातून झाला हे दाखवण्याचं ओझं अर्जदारावर. ढिगाऱ्यावर राबलेल्या सगळ्यांच्याच उपचारांसाठी झालेल्या झॅड्रोगा कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ओबामांची सही झाली जानेवारी 2011 मध्ये. मधली नऊ वर्षं फुप्फुसांनी कशी काढली असतील, ते ज्याचं त्याला ठाऊक.

कोविडच्या वेळी हा कलमांचा खेळ सगळ्या देशाने पाहिला. मार्च 2020 मध्ये राज्यांनी गार्डला रस्त्यावर आणलं: कुठे चाचणी केंद्रं, कुठे अन्नवाटप, कुठे शवागारातलं काम. केंद्राने हळूहळू त्यांना टायटल 32 मध्ये घेतलं, पण शेवटची तारीख ठरवली 24 जून. मार्चअखेरीस रुजू झालेल्यांचे त्या दिवशी 89 दिवस भरत होते, आणि लवकर निवृत्ती व शिक्षणाच्या सवलतींसाठी लागतात 90. योगायोग असेलही. वर्तमानपत्रांत आलं, आरडाओरडा झाला, आणि मेअखेरीस मुदत ऑगस्टच्या मध्यापर्यंत वाढली.

नोकरी टिकवण्याच्या बाबतीत मात्र सुधारणा झाली आहे. राज्याच्या ड्युटीवरून परतल्यावर जुनी नोकरी परत मिळण्याचा हक्क पूर्वी त्या-त्या राज्याच्या कायद्यावर सोपवलेला होता. जानेवारी 2021 पासून, ड्युटी 14 दिवसांची किंवा अधिक असेल, किंवा केंद्राने मोठी आपत्ती जाहीर केलेली असेल, तर केंद्राचा कायदा जवानाच्या पाठीशी आहे.

भरपाईच्या बाबतीत तसं काही झालेलं नाही. वादळाच्या वेळी राज्यं एकमेकांना गार्ड पाठवतात, त्यासाठी त्यांच्यात करार आहे, आणि 1996 मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याला मान्यता दिली. त्यातलं एक कलम सांगतं की जखमी माणसाची भरपाई त्याच्या स्वतःच्या राज्याने द्यायची, जणू अपघात त्याच्या गावीच घडला अशा रीतीने. त्यामुळे लुइझियानाच्या चिखलात एकच ट्रक उलटला, आत एक जवान ओहायोचा आणि एक टेक्सासचा असला, दोघांचे पाय सारखेच मोडले, तरी दोन वेगवेगळ्या कार्यालयांत दोन वेगळे अर्ज जातात, आणि येणारे आकडेही वेगळे असू शकतात.