लाव्ह्याचा दिवा आणि माझे प्रयोग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला ‘घरी केलेला एखादा प्रयोग’ या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा लोणच्याचा किंवा कुरडयांचा प्रयोग असावा. परंतु गेले वर्षभर मी जे प्रयोग केले, ते एका शोभेच्या दिव्यावर. त्यांत एकदा माझ्या हातून मोठा अनर्थ होता होता राहिला. तो आपणांस सांगितलाच पाहिजे, म्हणून मी संकोच सोडून उभी राहिले आहे.

माझ्या मुलाने इंग्लंडहून येताना हा दिवा आणला. एक उंच निमुळती, घट्ट बूच लावलेली बाटली. तिच्यात रंगीत पाणी आणि तांबडे मेण. खाली बैठकीत एक बल्ब. बाटली तापली की मेणाचे गोळे हळूहळू वर चढतात, वर थोडे थांबतात आणि पुन्हा खाली उतरतात. ज्वालामुखीच्या रसासारखे दिसते, म्हणून त्याला लाव्ह्याचा दिवा म्हणतात.

गंमत अशी की, या दिव्याचा उगम अंडी उकडण्यात आहे. एडवर्ड क्रेव्हन वॉकर नावाच्या इंग्रज गृहस्थांनी एका खाणावळवजा गुत्त्यात, अंडे किती वेळ उकडले हे दाखविणारे एक घरगुती साधन पाहिले. त्यातील द्रवात एक गोळा तरंगत होता. त्यावरून वर्षानुवर्षे खटपट करून त्यांनी १९६३ साली डॉर्सेट परगण्यातील पूल या गावी ‘अ‍ॅस्ट्रो’ नावाचा दिवा विक्रीस आणला. म्हणजे हा दिवा मुळात स्वयंपाकघरातल्याच एका युक्तीतून निघाला. मग आपण त्यावर प्रयोग केले तर बिघडले कोठे?

आता त्याची किमया ऐका. थंड असताना मेण पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून तळाशी बसते. तापले की ते पाण्यापेक्षा अधिक फुगते. वजन तेच, पण आकार वाढलेला. म्हणून हलके होऊन वर जाते. वर गारवा असल्याने आकसते, जड होते व खाली येते. तळाशी तारेचे एक वेटोळे असते. खाली आलेले गोळे त्यावर पुन्हा तापून एकजीव होतात. सारा खेळ त्या ‘किंचित’ फरकाचा आहे. साध्या पाण्यात बुडणारे ताजे अंडे पाण्यात भरपूर मीठ घातले की तरंगते, हे आपणांपैकी कित्येकींनी पाहिले असेल. तेच तत्त्व येथे आहे.

पहिला प्रयोग नाइलाजाने झाला. बल्ब गेला. वीज वाचेल म्हणून मी त्या जागी एलईडी लावला. उजेड छान पडला, पण मेण जागचे हलेना! दोन दिवस मी वाट पाहिली. मग उमगले की, येथे बल्ब हा उजेडापेक्षा चुलीचे काम अधिक करतो. एलईडीत आवश्यक तेवढी ऊब नाही.

दुसऱ्या प्रयोगात मी जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब शोधून आणला. बैठकीवर २५ वॅट लिहिले होते. मी हौसेने ४० वॅटचा लावला. तासाभरात सगळे मेण वर जाऊन बसले ते खाली येईचना, कारण वर गारवाच उरला नाही. शिवाय बैठकीला हात लावता येईना. तेव्हा लिहिलेल्यापेक्षा मोठा बल्ब कधीही लावू नये.

तिसरा प्रयोग मात्र साधला. नेमका २५ वॅटचा बल्ब लावला आणि वायरमनकडून बल्बाला चालणारा डिमर बसवून घेतला. उन्हाळ्यात गोळे लहान लहान आणि घाईने फिरू लागले की थोडे कमी करायचे, थंडीत पूर्ण ठेवायचे. दिवा पंख्याखाली ठेवला तर काच निवते व मेण मंदावते, हेही तेव्हाच कळले. एकदा तापलेली बाटली मी पुसण्यासाठी उचलून हलविली. मेणाचे बारीक कण पाण्यात मिसळून पाणी ताकासारखे गढूळ झाले; निवळावयास कित्येक दिवस लागले.

आणि आता माझी चूक. संक्रांतीचे हळदीकुंकू होते. दिवा सर्वांना दाखवावयाचा होता. पण दुपारभर वीज नव्हती, ती साडेपाचला आली. थंडीत मेण हलावयास दोन-अडीच तास लागतात आणि सहाला बायका येणार! मी बाटली बैठकीतून काढली, गॅसवर तवा ठेवला आणि त्यावर बाटली ठेवणार, इतक्यात सून आत आली.

“आई, ती बाटली आधी खाली ठेवा,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

मला राग आला, हे मी कबूल करते. चाळीस वर्षे चूल सांभाळलेल्या बाईला कालची मुलगी शिकविते! पण गॅस बंद केल्यावर तिने सांगितले की, २००४ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील केंट येथे एका २४ वर्षांच्या तरुणाने असाच दिवा शेगडीवर तापविला. बाटली फुटली, काचेचा तुकडा त्याच्या छातीत घुसला आणि तो मरण पावला. बंद बाटलीत पाणी फुगते, वाफ धरते, तिला वाट मिळत नाही. कुकरला शिट्टी असते. या बाटलीला नाही. हे मला कुकर वापरताना रोज ठाऊक होते, घाईत आठवले नाही. त्या संध्याकाळी आमचा दिवा मेण तळाशी घेऊनच बसला, आणि हळदीकुंकू काही अडले नाही.

बाटलीचे बूच उघडून पाणी बदलण्याचा मोहही आवरावा. आत नेमके काय आहे ते कारखानदार सांगत नाहीत. जुन्या दिव्यांच्या मेणात ते जड व्हावे म्हणून कार्बन टेट्राक्लोराइड हे विषारी द्रव्य घालीत असत. कोणी घरी दिवा करताना स्पिरिट वापरतात. तापलेल्या बल्बाशेजारी स्पिरिट म्हणजे आगीला आमंत्रणच.

मग मुलांची हौस कशी भागवावी? माझ्या नातवाने आणि मी मिळून केलेला दिवा सांगते. काचेच्या बरणीत पाव भाग पाणी घ्या, त्यात खाण्याचा रंग घाला. वर पाऊण भाग गोडे तेल ओता. पाणी खाली, तेल वर राहील. आता चमचाभर ईनो टाका. ते तेलातून खाली जाते, पाण्याला भेटताच फसफसते आणि बुडबुड्यांबरोबर रंगीत थेंब वर चढतात. वर बुडबुडा फुटला की थेंब खाली येतो. ईनोऐवजी विरघळणारी गोळी टाकली तर खेळ अधिक वेळ चालतो. नुसते मीठ भुरभुरले तर मीठ तेलाचे थेंब खाली ओढून नेते आणि विरघळले की तेल सुटून वर येते. तळणीचे तेल गाळून चालते, मात्र रंग तितका खुलत नाही. बरणीचे झाकण मुळीच लावू नये. खाली दिवा हवा तर तोच एलईडी ठेवावा. येथे ऊब नको, उजेडच हवा. माझ्या फसलेल्या पहिल्या प्रयोगाचा बल्ब असा कामी आला.

भगिनींनो, कोणती वस्तू कशाने चालते हे विचारण्याची सवय आपण मोडू नये. वय झाले म्हणून नाही, बाईमाणूस म्हणून तर नाहीच. मात्र घाईत असताना प्रयोग करू नये, आणि कोणी थांबविले तर आधी थांबावे, रागवावयाचे ते मागाहून. माझी सून आज समोर बसली आहे. त्या दिवशी मी तिचे आभार मानले नव्हते. ते आज सर्वांदेखत मानते आणि आपली रजा घेते.