तळ्याकाठचा परका मास्तर



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकविले आणि मी आयुष्यभर मराठी शिकविले. तेव्हा या व्यासपीठावर उभे राहण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल. माझा अधिकार एवढाच की, मी त्यांचा विद्यार्थी होतो. आज मी एका दूरच्या इंग्रजी शिक्षकाची हकीकत सांगणार आहे. शेवटी ती आपल्याच दाराशी येऊन थांबते, असे मला वाटते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. नागपूरचे राजधानीपण संपले. तेथील अनेक सरकारी नोकरांप्रमाणे माझे वडीलही बाडबिस्तरा बांधून इकडे आले. टी. टी. नगरातील क्वार्टरमध्ये आमचा संसार मांडला गेला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. घरात नागपुरी मराठी, अंगणात हिंदी, शेजारी उर्दूची मिठास आणि शाळेत इंग्रजी! ज्या तात्या टोप्यांचे नाव या वस्तीला आहे, तेही दूरच्या मुलखातून आलेले मराठी गृहस्थ होते, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. आपण सारे या गावात कधी ना कधी परके होतो.

असाच एक परका मनुष्य 1890 च्या ऑगस्ट महिन्यात जपानमधील मात्सुए या गावी इंग्रजी शिकविण्यासाठी दाखल झाला. त्याचे नाव लफ्काडिओ हर्न. आई ग्रीक, वडील आयरिश. वडील ब्रिटिश सैन्यात डॉक्टर होते आणि 1866 मध्ये हिंदुस्थानातून परतताना वाटेतच निवर्तले. आईवडिलांच्या मायेला लहानपणीच अंतरलेल्या या मुलाचा डावा डोळा सोळाव्या वर्षी गेला. पुढे अमेरिकेत वर्तमानपत्रांतून लेखन करता करता तो जपानला पोहोचला आणि चाळिशीत मास्तर झाला.

मात्सुए हे शिमाने प्रांताचे मुख्य ठिकाण, शिंजी सरोवराच्या काठी वसलेले. मोठ्या तलावाच्या सान्निध्यात वाढलेल्या भोपाळकरांना अशा गावाचे मोल सांगायला नको. परंतु त्या काळी ते फारच आडबाजूला होते. आगगाडी तेथे 1908 साली पोहोचली. हर्न गेला तो माणसांनी ओढायच्या रिक्षातून, डोंगर ओलांडत, दिवसच्या दिवस प्रवास करीत. माध्यमिक शाळा आणि शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यालय अशा दोन ठिकाणी त्याने शिकवायचे होते. पगार महिना शंभर येन. त्याला जपानी येत नव्हते आणि मुलांचे इंग्रजी बेताचे. हिवाळा असा कडक की तो आजारी पडला.

या अडचणीत त्याला सांभाळले ते निशिदा सेन्तारो या सहकारी शिक्षकाने आणि सेत्सू कोइझुमी या सामुराई घराण्यातील स्त्रीने. पुढे ती त्याची पत्नी झाली. त्या दोघांची घरात एक निराळीच मोडकीतोडकी जपानी भाषा तयार झाली. ना धड व्याकरण, ना प्रत्यय. परंतु त्या भाषेत संसार झाला आणि साहित्यही झाले. सेत्सू त्याला जुन्या भुताखेतांच्या कथा सांगत असे. पुस्तक समोर धरून वाचू नकोस, तुझ्या स्वतःच्या शब्दांत सांग, असा त्याचा आग्रह असे. 1904 साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्वाइदान’ या त्याच्या ग्रंथामागे सेत्सूचे हे सांगणे उभे आहे.

वर्गात तो मुलांना इंग्रजीतून निबंध लिहावयास देई. माणसांच्या स्मरणात सर्वांत अधिक काळ काय राहते, असा एकदा विषय होता. एका मुलाने आपल्या आईच्या मृत्यूविषयी लिहिले. तो तेव्हा चार वर्षांचा होता. दिवस हिवाळ्याचे होते. अंथरुणाला खिळलेल्या आईला त्याने एक गोड संत्रे दिले. तिने ते चाखले आणि ती हसली. ते तिचे शेवटचे हसू. हर्नने 1894 च्या आपल्या ग्रंथात हा निबंध सादर छापला. परभाषेत चाचपडणारा तो मुलगा त्यामुळे आजही आपल्याशी बोलतो.

श्रोतेहो, हा निबंध मी प्रथम वाचला तेव्हा मला शरमेने पुस्तक मिटावे लागले. त्याचे कारण आज सांगतो. मी नुकताच प्राध्यापक झालो होतो. एका विद्यार्थिनीने आजीच्या मृत्यूवर निबंध लिहिला होता. त्यात ‘आई रडून राहिली होती’ असे वाक्य होते. मी त्याखाली तांबडी रेघ ओढली आणि समासात लिहिले, ‘रडत होती’. बस्स! आजीविषयी एक शब्द नाही, त्या मुलीच्या दुःखाविषयी अवाक्षर नाही. त्यानंतर वर्षभर तिने वर्गात तोंड उघडले नाही. गंमत अशी की, ‘करून राहिली’, ‘रडून राहिली’ ही माझ्या आईच्याच बोलण्याची रीत. नागपुराहून आम्ही ट्रंकांबरोबर तीच आणली होती. पदव्यांच्या नादात मी स्वतःच्या आईची भाषा चूक ठरविली.

हर्नला संत मानण्याचे कारण नाही. 1891 च्या नोव्हेंबरात तो मात्सुए सोडून कुमामोतोला गेला. निरोपाच्या सकाळी सुमारे दोनशे विद्यार्थी त्याला बोटीपर्यंत पोहोचवायला आले होते. परंतु कुमामोतोच्या वातावरणात त्याचे मन रमले नाही. त्याची तेथील पत्रे कडवट आहेत. 1896 मध्ये तो जपानी नागरिक झाला, कोइझुमी याकुमो हे नाव त्याने घेतले, तरी एकटेपण पुरते सुटले नाही.

आणि परकेपण केवळ परदेशीयांच्याच वाट्याला येते असेही नाही. नात्सुमे सोसेकी हा जपानचा थोर कादंबरीकार. तो तोक्योचा. 1895 साली तो शिकोकू बेटावरील मात्सुयामा येथे इंग्रजीचा शिक्षक म्हणून गेला. पगार ऐंशी येन, मुख्याध्यापकांहूनही अधिक! पण वर्षभरात त्याने गाव सोडले. त्या अनुभवातून पुढे 1906 मध्ये ‘बोच्चान’ ही कादंबरी जन्मली. तिच्यातील तरुण मास्तर गावावर सतत चिडलेला असतो. योगायोग असा की, 1903 मध्ये तोक्यो विद्यापीठात हर्नच्या जागी ज्यांची नेमणूक झाली, त्यांत सोसेकी होता. एकच भाषा शिकविणारे दोन शिक्षक: एकाला परक्या देशात गाव मिळाले, दुसऱ्याला स्वदेशात मिळाले नाही.

1987 पासून जपान सरकार परदेशी तरुणांना गावोगावच्या शाळांत इंग्रजीच्या साहाय्यक शिक्षकांचे काम देत आहे. आपल्या मराठी मंडळींपैकी योगेंद्र पुराणिक यांचे उदाहरण तर याहून पुढचे आहे. जपानचे नागरिकत्व घेऊन 2019 मध्ये ते तोक्योच्या एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले आणि 2023 मध्ये इबाराकी प्रांतातील त्सुचिउरा येथील सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. परका मास्तर घरचा होऊ शकतो, याचा याहून मोठा दाखला कोणता?

आता आपल्या सरांकडे वळतो. तेही या गावात बाहेरूनच आले होते. इंग्रजी वाक्य अडले की ते म्हणत, ‘आधी तुझ्या घरच्या भाषेत सांग. काय म्हणायचे आहे ते कळले की इंग्रजी पाहू.’ मराठी, हिंदी, उर्दू, बुंदेली, सारे त्या वर्गात चालत असे. तेव्हा आम्हांला ती सवलत वाटे. आज कळते की ती सवलत नव्हती. मुलाने जे संत्रे पुढे केले आहे ते आधी हातात घ्यावे, मग व्याकरणाकडे पाहावे, हेच सरांचे अध्यापनशास्त्र होते. मी त्यांचा विद्यार्थी असूनही ते विसरलो.

येथील मराठी घरांतून आज नातवंडे आजीशी हिंदीमिश्रित मराठी बोलतात. आपण त्यांना हसतो, टोकतो, आणि मग ती बोलायचीच थांबतात. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच आहे की, तांबडी शाई जरा बाजूला ठेवा आणि आधी त्यांचे बोलणे पूर्ण ऐका. माझ्या त्या विद्यार्थिनीची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही. ती मी आज, सरांच्या स्मृतीला साक्ष ठेवून, येथे मागतो.