गोल म्हणजे किती गोल?

माझें सारें आयुष्य शाळेंतील मुलांना भूमिति शिकविण्यांत गेलें. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचें. अशा माणसानें कारखान्यांतील पोलादी नळकांड्यांवर भाषण करावें हें कोणास आगाऊपणाचें वाटेल. परंतु त्यांपैकीं एकानें माझीच एक जुनी चूक माझ्या पदरांत घातली, म्हणून हा प्रपंच.

मागें एकदां माझा एक जुना विद्यार्थी मला आपल्या कारखान्यांत घेऊन गेला. तेथें 'हीट एक्स्चेंजर' तयार होतात. एक ऊन व एक थंड असे दोन द्रव परस्परांत न मिसळतां एकाची उष्णता दुसऱ्यास द्यावयाची, हें ह्या उपकरणाचें काम. बाहेर पोलादी पत्र्याचें लांबट नळकांडें, त्यास शेल म्हणतात. आंत शेंकडों बारीक नळ्यांचा जुडगा. एक द्रव नळ्यांतून वाहतो, दुसरा नळ्यांच्या भोंवतीं. ह्या दुसऱ्यास सरळ पळून जातां येऊं नये म्हणून वाटेंत बॅफल नांवाच्या, एका बाजूस कापलेल्या तबकड्या आलटून पालटून बसवितात. त्यामुळें तो नागमोडी चालीनें नळ्यांना घासून जातो. तबकडी आणि शेल यांच्यामध्यें फट अगदीं थोडी हवी. ती मोठी झाली कीं द्रव तेथूनच निसटतो. गर्दी टाळून भिंतीकडच्या मोकळ्या जागेनें पुढें सटकणें हा काय माणसांचाच धर्म आहे?

शेलचा व्यास 900 मिलिमीटर असेल तर अमेरिकेंतील 'टेमा' ह्या उत्पादक-संघाच्या नियमांप्रमाणें तबकडी त्याहून 4.8 मिलिमीटरनीं लहान, म्हणजे 895.2 ची ठेवतात. शेलचा व्यास टेपनें घेर मोजून काढावा व तो ठरल्यापेक्षां 3.2 मिलिमीटरहून अधिक भरूं नये, असाहि त्यांचा दंडक आहे. अमेरिकन यंत्रअभियंत्यांच्या संस्थेचा दाबपात्रांसंबंधींचा संकेत मात्र वेगळें सांगतो : सर्वांत मोठा व सर्वांत लहान व्यास यांतील फरक शेंकडा एकाहून अधिक नसावा. आतां गंमत पाहा. एकीकडे 904.5 व दुसरीकडे 895.5 असें लंबगोल शेल ह्या संकेतास मान्य आहे. पण त्यांत तबकडी सरकावयास जेमतेम 0.3 मिलिमीटर उरतात! एक नियम मजबुतीचा, दुसरा उष्णतेच्या हिशेबाचा. दोघांचे प्रश्नच निराळे.

त्या दिवशीं जुडगा निम्मा आंत जाऊन अडकून बसला होता. तो ओढून बाहेर काढला आणि व्यास मोजले. उभा, आडवा, तिरपा, सगळे 900. टेप लावली, घेरहि बरोबर. कामगार एकमेकांकडे पाहूं लागले. तेव्हां माझ्या विद्यार्थ्यानें पत्र्याचा कापलेला कमानदार फर्मा मागविला व शेलच्या आंतून ठिकठिकाणीं लावून पाहिला. तीन ठिकाणीं फर्मा व पत्रा यांमधून उजेड दिसला.

शेलला तीन किंचित् फुगवटे आले होते, आणि प्रत्येक फुगवट्याच्या अगदीं समोर सपाटपणा. केंद्रापासून एकीकडे 453, तर समोर 447. बेरीज दर वेळीं 900! व्यास खोटें बोलत नव्हते, परंतु आंत मावणारें मोठ्यांत मोठें वर्तुळ 894 चेंच होतें.

"सर," तो म्हणाला, "सातवींत मीं विचारलें होतें, आठवतें का? सगळीकडून रुंदी सारखी म्हणजे वर्तुळच का?"

मला आठवलें. मीं "अर्थात्" म्हणून त्याला खालीं बसविलें होतें, आणि वर "फाटे फोडूं नकोस" असें बजावलेंहि होतें. केंद्रापासून समान अंतराची व्याख्या मीं दरसाल फळ्यावर लिहिली, आणि मुलांचीं वर्तुळें मात्र व्यासावर पट्टी ठेवून तपासलीं. सर्वत्र सारख्या रुंदीच्या, पण वर्तुळ नसलेल्या आकृति असतात. त्यांचा घेरहि तितक्याच व्यासाच्या वर्तुळाएवढा भरतो, हें बार्बिए ह्या फ्रेंच गणित्यानें 1860 सालींच दाखविलें. इंग्लंडांत 1969 सालीं निघालेलें सात बाजूंचें पन्नास पेन्सांचें नाणें असेंच आहे. 1986 च्या जानेवारींत अमेरिकेचें चॅलेंजर यान सात अंतराळवीरांसह नष्ट झालें. थंडीनें ताठरलेली रबरी कडी हें त्याचें कारण ठरलें. परंतु चौकशी-मंडळावरील रिचर्ड फाइनमन यांनीं नळकांड्यांची गोलाई तीन व्यास मोजून ठरविण्याच्या रीतीवरहि हाच आक्षेप घेतला होता.

हा वांकडेपणा येतो कोठून? पत्रा रुळांमधून फिरवून वाकवितात. त्याचीं टोकें रुळांच्या पकडींत नीट येत नाहींत. तीं आधीं वेगळीं वाकवावीं लागतात. पुढें वेल्डिंगची उष्णता सांध्यापाशीं पत्रा ओढते. आंतून दाब असला तर शेल पुन्हां गोल होऊं पाहतें. बाहेरून दाब आला तर वांकडेपण वाढतच जातें, म्हणून तेथें संकेतानेंच फर्म्याची कसोटी सांगितली आहे.

कामगारांपैकीं एकानें सुचविलें कीं, तबकड्यांच्या कडा थोड्या घासाव्या, जुडगा लगेच जाईल, आणि बाहेरून कोणास कळणार? खरोखरच कळलें नसतें. द्रव मात्र वर्षानुवर्षें त्या फटींतून निसटत राहिला असता, आणि इंधनाचें बिल दुसऱ्याच कोणीं भरलें असतें. माझ्या विद्यार्थ्यानें तें ऐकलें नाहीं. आंतून जॅक लावून फुगवट्यांमधील सपाट जागा एकेक करून सारख्या केल्या, आणि दर वेळीं फर्मा लावून पाहिला. जुडगा आंत गेला, पण माल आठ दिवस उशिरां गेला. गिऱ्हाइकानें विलंबाबद्दल रक्कम कापून घेतली; ती त्यानें सोसली.