सुगम्यतेचा कागद : कोणता मागावा व कसा वाचावा

सार्वजनिक इमारतीच्या पायऱ्यांशेजारीं चाकाच्या खुर्चीसाठीं उतार केला आहे कीं नाहीं, हें रस्त्यानें जाणाऱ्यालाहि दिसतें. संगणकावरील किंवा मोबाईलवरील सेवेचें तसें नाहीं. तिच्यांतील पायऱ्या डोळसाच्या दृष्टीस पडत नाहींत. ज्याला दिसत नाहीं असा मनुष्य, ज्याचा हात कांपतो असा वृद्ध, किंवा जिला ऐकूं येत नाहीं अशी विद्यार्थिनी, यांनाच त्यांची ठेंच लागते.

ही ठेंच केवढी असूं शकते, हें सर्वोच्च न्यायालयाच्या ३० एप्रिल २०२५ च्या निर्णयावरून कळतें. प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणांत प्रश्न होता तो ओळख पटविण्याच्या डिजिटल पद्धतीचा. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा, अशी त्या पद्धतींतील एक अट. ॲसिड-हल्ल्यांत ज्यांचे डोळे व चेहरा जळाले त्यांनीं आणि अंधांनीं ती कशी पाळावी ? आणि ओळख पटली नाहीं तर बँकेंत खातें उघडणेंहि कठीण. डिजिटल सेवांपर्यंत पोंचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असें ठरवून न्यायालयानें या बाबतींत वीस आदेश दिले.

नागरी सहकारी बँक, शाळेचें व्यवस्थापक मंडळ, सार्वजनिक वाचनालय, गृहनिर्माण संस्था यांच्या समित्यांवर सुशिक्षित घरांतील अनेक मंडळी बसतात. फी भरण्याचें ॲप किंवा पुस्तकें शोधण्याची संगणकीय सूची विकत घेण्याचा निर्णय अशाच समित्या करतात. विक्रेता म्हणतो, “आमचें उत्पादन सर्वांना वापरतां येतें.” या वाक्याला आधार म्हणून कोणता कागद मागावयाचा, हा प्रश्न येथूनच निघतो.

प्रथम मोजपट्टी पाहूं. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९९९ सालीं संकेतस्थळांच्या सुगम्यतेचीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. तीं ‘डब्ल्यूकॅग’ या नांवानें ओळखलीं जातात. त्यांची दुसरी आवृत्ति २००८ सालीं निघाली. तिच्यांत भर घालून २.१ हा पाठ २०१८ सालीं व २.२ हा पाठ २०२३ सालीं आला. कसोट्यांच्या पायऱ्या तीन : ए, डबल-ए व ट्रिपल-ए. २.२ या पाठांत एकंदर ८६ कसोट्या असून पहिल्या दोन पायऱ्यांच्या मिळून ५५ होतात. व्यवहारांत या दोन पायऱ्यांचीच अपेक्षा धरली जाते. चित्राला शब्दांत पर्याय असावा, माऊस न वापरतां केवळ कळफलकावर सर्व काम करतां यावें, साधीं अक्षरें व त्यांची पार्श्वभूमि यांच्या उजळपणाचें प्रमाण किमान ४.५ : १ असावें, अशा स्वरूपाच्या या कसोट्या आहेत.

या मोजपट्टीवर आधारलेले कागद मुख्यतः तीन प्रकारचे असतात, आणि घोटाळा होतो तो त्यांची अदलाबदल झाल्यानें. पहिला, सुगम्यता-निवेदन. हें संकेतस्थळाचा चालक आपल्या वापरकर्त्यांसाठीं लिहितो : काय जमतें, काय जमत नाहीं व तक्रार कोठें करावी. दुसरा, तपासणीचा अहवाल. तो तज्ज्ञांनीं बनविणाऱ्यांसाठीं लिहिलेला असतो. दोष कोठें आहे व तो कसा दूर करावा, हें त्यांत येतें. तिसरा, अनुरूपता-अहवाल, आणि ग्राहकानें मागावयाचा तो हाच. तो ज्या छापील नमुन्यावर भरतात त्याला ‘व्हीपॅट’ म्हणतात. मतदान-यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं ! अमेरिकन सरकारच्या खरेदीसाठीं २००१ सालीं तो तयार झाला. कोरा नमुना म्हणजे व्हीपॅट व भरलेला नमुना म्हणजे अहवाल, हा भेद ध्यानांत ठेवावा.

या नमुन्याच्या आवृत्त्या चार आहेत. एक अमेरिकेच्या ‘कलम ५०८’ या कायद्याची. तिचा आधार डब्ल्यूकॅग २.० हा जुना पाठ आहे. दुसरी युरोपच्या ‘ईएन ३०१ ५४९’ या मानकाची. तिसरी केवळ डब्ल्यूकॅगची. चौथी आंतरराष्ट्रीय, तिच्यांत तिन्ही एकत्र येतात. भारताचें मानक आयएस १७८०२ हें युरोपीय मानकाच्याच धर्तीवर आहे. त्याच्यासाठीं मात्र व्हीपॅटची निराळी आवृत्ति नाहीं. म्हणून येथल्या संस्थेला युरोपीय किंवा आंतरराष्ट्रीय आवृत्ति अधिक उपयोगी. केवळ संकेतस्थळ घ्यावयाचें असेल तर तिसरीहि चालेल. परंतु पैसे काढण्याचें यंत्र किंवा दूरध्वनीची व्यवस्था घ्यावयाची असेल तर ती अपुरी पडते. कारण यंत्राची उंची, त्याच्या कळा, संभाषणाची सोय या गोष्टी तिच्या कक्षेबाहेरच्या आहेत.

कागद हातीं आला म्हणजे काम संपलें, असें मात्र नाहीं. हा अहवाल बहुधा विक्रेता स्वतःच भरतो. म्हणून तो प्रमाणपत्र नव्हे. उत्पादनाचा कोणता पाठ तपासला, कोणत्या तारखेस, कोणीं व कोणत्या साधनांनीं, हें आधीं पहावें. तीन वर्षांपूर्वीचा अहवाल आजच्या ॲपचा साक्षीदार होऊं शकत नाहीं. प्रत्येक कसोटीपुढें चार शेऱ्यांपैकीं एक असतो : पूर्ण होते, अंशतः होते, होत नाहीं, किंवा लागू नाहीं. ‘तपासलें नाहीं’ हा पांचवा शेरा केवळ ट्रिपल-ए पायरीपुरता चालतो. तो इतरत्र दिसला तर अहवाल अपुरा समजावा. सर्व रकान्यांत ‘पूर्ण होते’ आणि टीपांचा रकाना कोरा, असा अहवाल पाहून हुरळून जाऊं नये, शंका घ्यावी. “पावती उघडल्यावर स्क्रीन रीडर ती वाचूं शकत नाहीं, सध्यां कार्यालयांतून मजकूररूपानें मागवावी,” अशी उणीव मोकळेपणीं सांगणारा अहवाल अधिक विश्वासार्ह.

कोणी म्हणेल, “आमच्याकडे अंध ग्राहक येतातच कोठें ?” दार बंद असलें कीं आंत कोणी दिसत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय हा आतां केवळ दयाबुद्धीचा प्रश्न राहिलेला नाहीं. दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियम २०१६ सालीं झाला. त्याखालील नियमांतील सुगम्यतेचीं मानकें शिफारशीवजा ठेवणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयानें ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं मूळ कायद्याशीं विसंगत ठरविली व बंधनकारक मानकें आंखण्याचा आदेश दिला. युरोपांत तर २८ जून २०२५ पासून बँकिंग, ई-पुस्तकें, ऑनलाइन खरेदी अशा अनेक खासगी सेवांनाहि सुगम्यतेचा कायदा लागू झाला आहे. तेथें माल विकणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कंपन्याहि त्यांतून सुटत नाहींत.

तेव्हां समितीनें तीन गोष्टी कराव्या. योग्य आवृत्तीचा ताजा अहवाल निविदेच्या वेळींच मागावा. त्यांतील ‘अंशतः’ व ‘होत नाहीं’ या शेऱ्यांच्या दुरुस्तीची मुदत करारांत घालावी. आणि पैसे देण्यापूर्वीं, ज्याला दिसत नाहीं अशा एखाद्या सभासदास योग्य मानधन देऊन तें ॲप त्याच्या हातीं द्यावें व फी भरण्यापासून पावती मिळेपर्यंतचें काम त्याच्याकडून करवून घ्यावें. कागदावरचा शेरा आणि त्याचा अनुभव जुळला नाहीं, तर खरा त्याचा अनुभव मानावा.